रिटायर कशातून होणार

शिवकांता सदतीस वर्षांची आहे आणि कागदोपत्री अजून विद्यार्थिनी आहे. नांदेडच्या विद्यापीठात ती तुरीच्या मर रोगावर संशोधन करते. मिळतं ते विद्यावेतन. पीएफ नाही, पेन्शन नाही. औशाला घरी मात्र सगळे त्याला पगारच म्हणतात.

मागे तिने पोस्टात आरडी काढली होती. हप्ते चुकत गेले आणि खातं बंद पडलं. प्रयोगशाळेतली मैत्रीण धम्मप्रिया म्हणाली, "आपले पैसे येतात पोळ्याला, मग एकदम पाडव्याला. आरडी पगारदारांची गं. तू पीपीएफ काढ, वर्षातून एकदा भरलं तरी चालतं. न्हाईतर एनपीएस. पण ते साठीपर्यंत इसरून जायचं."

"फेलोशिप मार्चला संपतीय. मधेच लागले तर?"

"लागतीलच. म्हणून सगळे नको टाकू."

तुंबलेलं विद्यावेतन जमा झालं त्या दिवसापासून शिवकांताला एका जागी बसवेना. शनिवारी ती औशाला गेली. जेवताना दोनदा उठली; एकदा पाण्याला, एकदा उगीच.

"हे पैसे म्हातारपणासाठी बाजूला ठेवावं म्हणते, अप्पा."

वडील बसलिंगप्पा शहात्तरीचे. अजून रोज कपाळाला विभूती लावून किराणा दुकानाच्या गादीवर बसतात. "आपल्यात कुणी रिटायर झालंय का? तुझा आजा गादीवरच गेला. आन् तुला नोकरीच लागली न्हाई, तू रिटायर कशातून होणार?"

भाऊ वीरेश हसला. "अक्का, त्यापेक्षा दुकानात माल भरू. तुझी जागा हायच की गादीवर. जन्मभर."

तो मनापासून बोलत होता. म्हणूनच तिला नाही म्हणता येईना.

सकाळी अप्पा पूजेला बसले, वीरेश गोदामात गेला आणि शिवकांता गादीवर बसली. लोड सरळ केला. उठली, शेंगदाण्याचं पोतं सरकवलं, पुन्हा बसली. नेहमीच्या गिऱ्हाईक बाई पायरी चढून आल्या. त्यांनी गादीकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून आतल्या दाराकडे बघत हाक मारली, "कुणी हाय का दुकानात?"

शिवकांताने साखर जोखून दिली, पैसे घेतले.

"मालकाला म्हणावं, येऊन गेले," बाई म्हणाल्या.

वीरेश परत आला तेव्हा ती नांदेडला परतायची पिशवी भरत होती.

"ठरलं का मग, अक्का?"

"हाव. अर्धे पीपीएफात. अर्धे मार्चनंतरच्या भाकरीला."

"आन् दुकान?"

"दुकान तुझं हाय."

"जागा तर तुझी ठेवतोच मी."

"ठेव की. माहेरपणाला आल्यागत येईन, तवा बसत जाईन."

सोमवारी नांदेडला पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसाने पीपीएफच्या अर्जावर तिचं वय पाहिलं. "पंधरा वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर सुटतील बघा, म्याडम. बसा ना, बसून सही करा."

खुर्ची रिकामी होती. शिवकांताने उभ्यानेच सही केली.