पोतारलेली भिंत

आमच्या गावात कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले, की आधी चतुराबाईला बोलावणं जायचं. पाहुणे मुलगी नंतर बघतात, भिंती आधी बघतात, असा आमच्याकडच्या बायकांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. चतुराबाई भुई सारवायची, अंगणात सडा घालायची, पण तिचा खरा हात पोतारण्यात. पडक्या गढीजवळची पांढरी माती आणायची, ती भिजवायची आणि फडक्यानं भिंतीवर फिरवायची. वाळल्यावर भिंत अशी दिसायची की टेकून बसायला संकोच वाटावा. मी गिरणीवाला. माझे कपडे पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशीसुद्धा पांढरी. एकदा ती मला म्हणाली होती, "गोकुळा, तुझा पांढरा रंग झटकला की जातो. माझा वर्षभर ऱ्हातो."

गाव वेरूळच्या रस्त्याला, ओढ्याच्या काठी आहे. वर बरीच घरं स्लॅबची झाली, खालच्या आळीतली तिन्ही मात्र मातीचीच होती. एक कचरूचं, एक चतुराबाईचं आणि एक मुक्ताबाईचं. मुक्ताबाई तरुणपणीच विधवा झाली. एकच मुलगी, दीपमाला, ती लग्न होऊन शहरात उस्मानपुऱ्याला गेली. चतुराबाई शेतात मजुरीला जायची तेव्हा तिची दोन्ही पोरं मुक्ताबाईच्या मांडीवर वाढली. पोरं मोठी होऊन वाळूजच्या कंपन्यांत लागली, पण चतुराबाई ते विसरली नाही. मुक्ताबाईची नजर गेल्यापासून, म्हणजे पार गेली नव्हती, उजेड-अंधार कळायचा, तिच्या घराचं सगळं सारवण-पोतारण चतुराबाईकडेच होतं. काम झालं की मुक्ताबाई तळहात टेकवून भिंतभर फिरायची आणि शेवटी म्हणायची, "लई गुळगुळीत केलंस गं, चतुरा." हे ऐकल्याशिवाय चतुराबाई बादली उचलायची नाही. गावानं केलेली स्तुती तिला पुरत नसे, ही एका आंधळीची पुरायची.

त्या साली भाद्रपद संपत आला तरी पाऊस हटेना. एका सकाळी ओढा आळीत शिरला. माणसं, शेरडं, पिठाचे डबे, जे हाताला लागलं ते घेऊन सगळे वरच्या शाळेत गेले. मुक्ताबाईला चतुराबाईच्या नवऱ्यानं पाठुंगळी घेतलं. पाणी उतरलं तेव्हा कचरूची पुढची भिंत रस्त्यावर आडवी पडली होती. कचरू तिच्यावरच बसून बिडी ओढत होता. पडलेली वस्तू कचरूनं कधी उचलल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तो भिंत उचलेल ही आशाच नव्हती. चतुराबाईचं घर खालून दगडी, ते तगलं. मुक्ताबाईच्या घराची मागची भिंत मात्र पाणी पिऊन फुगली. तिनं पोट काढलं आणि पत्र्यापासून भुईपर्यंत अशी भेग पडली की पंजा आत जावा.

आणि त्याच आठवड्यात घट बसायचे होते. आमच्याकडे घर सारवल्या-पोतारल्याशिवाय घट बसत नाहीत, मग पूर येवो की आणखी काही. त्यात दवंडी आली की नुकसानीचा पंचनामा करायला साहेब लोक येणार. चतुराबाईनं पदर खोचला. स्वतःचं घर बाजूला ठेवून तिनं आधी मुक्ताबाईचं घेतलं. दगडाच्या कपच्या, चिखल, गव्हाचा भुसा आणि शेण भेगेत ठासलं. फुगलेल्या भागावर लिंपण देऊन तो सपाट केला. मग सगळ्यावर पांढऱ्या मातीचा हात. मुक्ताबाईनं तळहात फिरवला आणि नेहमीचं बोलली. वर म्हणाली, "भिंत बरी झाली गं."

आज कुणी म्हणेल, अरे, पंचनामा होईपर्यंत थांबायचं नाही का? मी सांगतो, गावात एकालाही ते सुचलं नाही. परका माणूस घरात येणार म्हटल्यावर घर आवरायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. पडझड दाखवायला काढून ठेवायची असते, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला कुणी शिकवलेलं नाही. फक्त कचरूनं काही आवरलं नाही, आणि तेही शहाणपणानं नव्हे.

साहेब आले. तिघे होते, चपला चिखलानं जड झालेल्या. कचरूच्या ढिगाऱ्याचे त्यांनी फोटो काढले, पावलांनी मापं घेतली. मग मुक्ताबाईच्या दारात आले. उंबऱ्याशी रांगोळी, कोपऱ्यात घटाची टोपली मांडून ठेवलेली, भिंती पांढऱ्याशुभ्र. पाणी आत किती आलं होतं, असं त्यांनी विचारलं. चतुराबाई म्हणाली, गुडघाभर, पण आता सगळं नीट केलंय. तिनं चहा दिला. त्यातला मोठा साहेब भिंतीकडे बघून म्हणाला की घर कसं ठेवावं ते इथं येऊन बघावं. चतुराबाई पार लाजली. त्या दिवशी दळण घेऊन आली तेव्हा गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून तिनं मला हे दोनदा सांगितलं. मलाही बरं वाटलं. 

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. कचरूचं घर पूर्ण पडलेलं. त्याला शाळेमागच्या उंचवट्यावर पक्कं घर मंजूर. मुक्ताबाईच्या नावापुढे होतं, पाणी शिरलं, घर राहण्याजोगं. चतुराबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग ती आळीकडे चालू लागली आणि मी बघितलं, ती स्वतःच्या घरी गेली नाही, मुक्ताबाईच्या घरामागे जाऊन त्या भिंतीपुढे उभी राहिली.

त्यानंतर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ती आधी तालुक्याला, मग थेट शहरातल्या मोठ्या कचेरीत गेली. लष्कराच्या छावणीतून जाताना शिस्तीत रंगवलेल्या भिंती बघून एरवी तिनं काहीतरी शेरा मारलाच असता. त्या दिवशी ती साहेबांपुढे काय बोलायचं ते घोकत बसली होती. प्रत्येक टेबलापुढे ती एकच सांगायची, भिंत आतून गेलेली आहे, मी वरून झाकली. कुणी तिला हाकललं नाही, खोटं कशाला बोलू. एका बाईनं पाणीही दिलं. फेरतपासणी होईल, असं शेवटी ठरलं.

फेरतपासणीच्या सकाळी मी आळीत पोचलो तर चतुराबाई खुरपं घेऊन भिंत खरवडत होती. पोतारा, लिंपण, भुसा, सगळं खाली येत होतं. ज्या हातानं तिनं गावभर भिंती राखल्या त्याच हातानं ती ओरबाडत होती. मी थांब म्हणेपर्यंत भेग उघडी पडली होती. पायाशी पांढऱ्या चिखलाचा ढीग. मुक्ताबाई दारात बसून विचारत होती की कसला आवाज येतोय. 

आलेला अभियंता तरुण पोरगा होता. त्यानं भेगेत बोट घातलं, खाली पडलेली माती बघितली, खुरप्याच्या खुणा बघितल्या. मग मोबाईल काढून पहिल्या पंचनाम्याचा फोटो दाखवला. पांढरी भिंत, रांगोळी, घटाची टोपली. तो म्हणाला, तेव्हा भिंत धड होती आणि आता ती हातानं खरवडलेली आहे. हे पुराचं नुकसान असं मी लिहिलं तर मलाच विचारतील.

चतुराबाई त्याच्यापुढे उभी राहिली. हातात खुरपं तसंच होतं.

"साहेब, झाकली बी मीच, उघडली बी मीच. माझ्या हाताला काय करायचं ते करा. भिंत खोटी नाय."

पोरगा ओट्यावर बसला. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "आजी, मला दिसतंय," तो म्हणाला. "पण मला दिसतंय ते लिहायला जागाच नाही."

तो गेला. मला कुणावर तरी चिडायचं होतं. तोंड सोडायला मी कमी नाही, गावाला विचारा. पण ज्याच्यावर तोंड सोडावं असा माणूसच सापडेना. साहेबानं फोटो खरा काढला होता, या पोरानं खरं सांगितलं होतं, कचरूनं कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. उलट कचरू माझ्याकडे येऊन म्हणाला की माझं घर म्हातारीच्या नावावर करता येतं का ते बघ. तसं करता येत नाही. तेही मी विचारून आलो.

चतुराबाईनं भिंतीला पुन्हा लिंपण दिलं, पण एकदा सुटलेल्या मातीवर माती धरत नाही. थंडी सरता सरता अवकाळी पाऊस झाला आणि दुपारच्या वेळी मागची भिंत बसली. मुक्ताबाई तेव्हा चतुराबाईच्या ओट्यावर होती, म्हणून वाचली. तोवर पुराचे पंचनामे केव्हाच संपले होते. मुक्ताबाईला चतुराबाई जिजी म्हणायची. ती म्हणाली, जिजी माझ्याकडं राहील. पण जावयानं येऊन गाडी लावली, आणि सख्खी लेक असताना शेजारणीकडे राहिलं तर लोक काय म्हणतील, या विचारानं मुक्ताबाई गाडीत बसली. कचरू नव्या घरात गेला. त्याच्या बायकोनं पोतारायला बोलावलं तेव्हा चतुराबाई म्हणाली की सिमेंटला रंग लावा. मग मातीच्या घरांतूनही तिनं बोलावणी घेणं सोडलं. हात दुखतो म्हणायची. हात दुखत नव्हता.

पुढच्या भाद्रपदात दीपमालाचा मला फोन आला. आई बहकल्यासारखं करते, चतुरामावशीला एकदा घेऊन या, म्हणाली. मी नेलं. उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली, खाली फरशी, भिंतींना गुळगुळीत तेलरंग. चतुराबाईनं पिशवीतून गढीजवळच्या मातीचं एक ढेकूळ आणलं होतं, घटाखाली घालायला. ते तिच्या मांडीवरच राहिलं.

मुक्ताबाई पलंगावर बसली होती. चतुराबाईचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. ती उठली, भिंतीला तळहात टेकवला आणि खोलीभर फिरू लागली. कॅलेंडर आलं तिथं हात उचलला, पुन्हा टेकवला. दीपमाला हळूच म्हणाली, रोज असंच करते. सगळी खोली फिरून झाल्यावर मुक्ताबाई आमच्याकडे वळली.

"लई गुळगुळीत केलंस गं, चतुरा. भेग कुठं व्हती ते बी कळत नाय."

चतुराबाईनं मातीचं ढेकूळ पिशवीत परत ठेवलं. मला वाटलं, ती आता रडेल नाहीतर खरं सांगेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"व्हय जिजी," ती म्हणाली. "घट बसायचे हाईत ना."