न जाणाऱ्या डॉक्टरांची बातमी

उमरग्याच्या एका खासगी दवाखान्यात मला जनसंपर्क अधिकारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा हे काम नेमकं काय असतं ते मला नीट माहीत नव्हतं. सोलापुरात पत्रकारिता शिकले होते, तेवढंच. "लोकांपर्यंत पोचायचं, बस्स," म्हणत डॉक्टर पेशंट तपासायला निघून गेले. घरी, अणदूरला फोन केला तर वडील म्हणाले, "म्हंजे नुसतं बोलायचं? आन् त्याचा पगार देत्यात व्हय?"

सुरुवातीला मी नातेवाइकांना वॉर्ड दाखवायची, बिलावरून तापलेल्यांना पाणी द्यायची. हाच का जनसंपर्क, कळत नव्हतं. मग एक दिवस कंपाउंडर सांगत आला, "डॉक्टर दवाखाना बंद करून हैदराबादला चाललेत म्हणं. स्टँडवर लोक बोलत होते."

मला हुरूपच आला. अफवा लगेच खोडायची, हे शिकलेलं आठवत होतं. 'डॉक्टर उमरगा सोडून कुठंही जाणार नाहीत' अशी प्रेसनोट केली. डॉक्टर घाईत होते, न वाचताच मान हलवली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला: 'डॉक्टर हैदराबादला जाणार? दवाखान्याकडून इन्कार'.

सकाळी बघते तर रांग जिन्यापर्यंत. खुर्च्या पुरेनात. एका म्हातारीनं मला थांबवलं.

"डाक्टर कधी चाललेत, बाई?"

"कुठंच न्हाय चालले, मावशी."

"मग पेपरात कशाला छापलंय?"

"जाणार न्हायत म्हणून छापलंय."

"जाणाराचं छापत्यात. न जाणाराचं कोण छापतंय?" असं म्हणून ती पुढं सरकली. गुडघे दाखवून घ्यायचे होते, डॉक्टर गावात आहेत तोवर.

संध्याकाळी डॉक्टर खूश. "लई भारी! असं दर महिन्याला काहीतरी काढा."

"सर, लोक तुम्ही जाणार म्हणून आलेत."

ते थबकले. पेपर मागवला आणि उभ्यानंच वाचला.

"मी जाणार न्हाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय. अफवा होती ना?"

"हैदराबादच्या एका हॉस्पिटलनं बोलावलंय मला. घराबाहेर कुणालाच बोललो नव्हतो. स्टँडवर कसं पोचलं, देव जाणे."

मी खोटं छापलं होतं का? त्यांनी तर अजून काहीच ठरवलं नव्हतं. मग ते खरं तरी कसं? नोकरी गेली असं वाटून मी पर्स उचलली. ते म्हणाले, "बसा हो. उद्यापासून लिहायच्या आधी मला विचारत जा."

आता मी विचारते. डॉक्टर अजून उमरग्यातच आहेत. ते त्या बातमीमुळं राहिले, त्या दिवशीची गर्दी बघून, की मुळात जायचंच नव्हतं, हे मी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा ते हसले आणि पुढच्या शिबिराचं पत्रक कुठवर आलंय ते विचारू लागले.