पानथरीचा तास

"सदरा काढ आणि टेबलावर आडवा हो."

हे सर मला म्हणाले. मी पेशंट नव्हतो. त्याच वर्गात डॉक्टरी शिकणारा विद्यार्थी होतो. त्या दिवशी पानथरी, म्हणजे प्लीहा, तपासायला शिकवायचं होतं. हिवतापाने डाव्या बरगडीखाली पानथरी वाढते, ती बोटांनी कशी चाचपायची ते. डोंगरातून पेशंट कुणी आलं नव्हतं. सरांची नजर वर्गावरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "अरे पावरा, तू आहेस की! तुम्हा लोकांत प्रत्येकाची वाढलेलीच असते."

पावरा ही माझी जमात. नाव वेगळं होतं मला. हजेरीत रोज घेत होते.

मी आडवा झालो. अख्खा वर्ग ओळीने आला. एकेकाने पोट दाबलं. तापीकाठच्या एका बागायतदाराच्या मुलाने तर चांगली बोटं रुतवली आणि म्हणाला, "तुन्हा पोटमा दगड शे का रे?" सगळे हसले. सरही हसले. दुखत होतं. त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि लाज कशाची? तर माझ्याच अंगाची. वा रे शिक्षण!

ही डॉक्टरी शाळा शहाद्याजवळ निघाली तीच मुळी डोंगरासाठी. उद्घाटनाला फेटेवाले भाषणं ठोकून गेले होते. सातपुड्यात डॉक्टर नाही, तिथलीच मुलं शिकवू, तिथेच पाठवू. टाळ्या पडल्या. पुढे मुलं भरली ती गावातली आणि बागायतीतली. डोंगरातला मी एकटा. बाकीचे उघड बोलायचे, त्या जंगलात मरायला कोण जातं म्हणून. वर्गणी मागायला आमच्या डोंगराचं नाव, आणि शिकायला आमची पोटं.

आमची बोली सरांना येत नव्हती. डोंगरातलं माणूस आलं की दुभाष्या मी. "झोप म्हणावं, काही होत नाही म्हणावं." मी तसंच सांगायचो.

मग ती बाई आली. महायुद्धाचे दिवस होते, हिवतापावरचं कुनैन मिळेनासं झालं होतं. तोरणमाळच्या अंगाला कुठेतरी तिचा पाडा. तापलेलं पोर कडेवर घेऊन चालत आली होती. पोर डोळे उघडत नव्हतं. सरांनी पोराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "ही किती फिकट पडलीय बघा. हिची पानथरी छान हाताला लागेल. आधी वर्गाला दाखवू, कुनैन मग देऊ. सांग रे तिला, चोळी वर कर आणि झोप."

वर्गभर तरणी पोरं उभी होती. नेहमीचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. मी तिला बहीण म्हणून हाक मारली. आमच्या बोलीत खरं ते सांगितलं. यांना तुझ्या पोटावर शिकायचं आहे. ते झाल्यावर पोराला औषध देणार आहेत. तू नाही म्हणू शकतेस.

ती म्हणाली, "पोर तापलंय. पोट माझं कशाला बघतात?"

इतकं साधं. आणि इतकी पुस्तकं वाचून मला ते सुचलं नव्हतं. रागाने माझे कान तापले. तिचं बोलणं मी मराठीत मोठ्याने सांगितलं, शब्दाला शब्द.

सर कडाडले, "तुला अक्कल कुणी विचारली? झोपव तिला."

"नाही झोपवणार."

"मग कुनैनही नाही."

त्या आठवड्यात औषधखोलीची पाळी माझी होती, किल्ली माझ्याकडे होती. मी गेलो, कपाट उघडलं, पोराच्या वयाला सोसेल इतकं कुनैन पाण्यात कालवलं आणि सगळ्यांदेखत त्याला पाजलं. पोर रडलं. रडलं ते बरं झालं, जीव होता त्याच्यात. पुढच्या पुड्या बाईच्या पदरात बांधून दिल्या, कशा द्यायच्या ते दोनदा सांगितलं. ती गेली.

"माफी माग," सर म्हणाले. "नाहीतर वळकटी उचल आणि चालता हो."

दारातला म्हातारा शिपाई कानाशी येऊन पुटपुटला, "मांगी ले भाऊ. तुन्हं शिक्षण जाई."

जाणारच होतं. डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा तोंडावर आली होती. तिकडे बाप आल्यागेल्याला सांगत होता, माझा पोरगा डाक्तर होतोय. ते सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी मी सरांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"माफी मागणार नाही. शाळाही सोडणार नाही. ही शाळा आमच्या नावावर निघाली आहे. तुम्हाला काढायचं तर काढा. मी रोज फाटकात उभा राहीन. डोंगरातलं जे माणूस येईल, त्याला आत काय करतात ते आमच्या बोलीत सांगेन. एकालाही सोडणार नाही. मग शिकवा कुणाच्या पोटावर शिकवायचं ते."