साक्षगंधाची अंगठी आणि साठ रोडगे

माझ्या होणाऱ्या सुनेची साक्षगंधाची अंगठी मी स्वतःच्या हाताने कणकेच्या गोळ्यात कोंबली, तेव्हा मी पूर्णपणे शुद्धीवर होते.

मी रहस्यकथा लिहिते. रक्तबिक्त नाही हं! माझ्या कथांत फार तर लोणच्याची बरणी गायब होते आणि शेवटी कोणीतरी डोळे पुसत चहा टाकतं. "कल्पना सुचतात तरी कुठून हो?" असं अकोल्यात मला भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात. मी मान जराशी वाकडी करून म्हणते, "निरीक्षणातून!" (हे उत्तर आरशासमोर बसवलेलं आहे.) खरं म्हणजे त्या हिवाळ्यात तीन महिने मला काही म्हणता काही सुचलं नव्हतं. मग एकदाचं सुचलं: चोर अंगठी रोडग्यात लपवतो! मासिकाच्या संपादकांना फोनवर ऐकवलं, तर ते म्हणाले, "भाजल्यावर अंगठी शाबूत राहते का? बाहेरून कळत नाही का? आधी करून बघा, मग लिहा."

संधी लगेच आली. सोमवारी आमच्या प्रसादचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पस्तिशीला टेकलेल्या प्रसादला एक मुलगी पसंत पडली होती आणि त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे मुलीला तो पसंत पडला होता. आता कुठे काही बिनसू नये म्हणून मी आठ दिवस धड जेवले नव्हते. चांदूर रेल्वेहून मुलीकडचे पंचवीस जण आदल्या दिवशीच आले, म्हणून पातूरजवळच्या आमच्या शेतात रोडग्यांचा बेत केला. जाड्याभरड्या कणकेचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीशी हाणायचे. अंगठी माझ्या कमरेच्या पिशवीत होती, कारण ती कुलूपबंद घरात ठेवायची माझी छाती झाली नव्हती.

प्रयोगासाठी आधी मी माझीच अंगठी काढायला गेले. तेल लावलं, ओढली, फिरवली. निघेना! (तीस वर्षांत बोट वाढलं, अंगठी नाही.) मग इकडेतिकडे पाहिलं आणि सुनेची लाल खड्याची अंगठी एका गोळ्यात सारली. खूण म्हणून त्यावर अंगठा दाबला, गोळा परातीच्या कडेला ठेवला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला गेले. जेमतेम दहा मिनिटं!

परत आले तर परात रिकामी. साठच्या साठ रोडगे निखाऱ्यात.

"कुसुमकाकू, तो अंगठा दाबलेला रोडगा कुठाय?" मी शेजारणीला विचारलं.

"कोनता? मी साऱ्याईलेच अंगठा मारला ना! तुमच्या घरची रीत असंन मनलं, एकाले काहून वगळा?"

माझ्या पायांखालची काळी माती सरकली. आमचे हे फावड्याने रोडगे उलटेपालटे करत होते, जणू लॉटरीच्या चिठ्ठ्या हलवताहेत. त्यांना सांगावं, तर ते आधी ओरडणार आणि मग विचार करणार. सासूबाईंना सांगावं, तर... नाहीच! त्या लिंबाखाली बसून शांतपणे लसूण सोलत होत्या.

पंगत बसली. इवाई, म्हणजे मुलीचे वडील, पहिल्याच ताटावर. त्यांनी महिन्यापूर्वीच नवीन दात बसवलेत, हे मला ठाऊक होतं. आता ते दात, तो खडा आणि माझ्या मुलाचा संसार एकाच घासात जमा होणार! मी धावत जाऊन त्यांच्या हातातला रोडगा हिसकला आणि चुरडला.

"बाई, आमाले हात हायेत!" इवाई दचकले.

"आमच्याकडे वरमाईनेच फोडायचा असतो," मी म्हणाले आणि पुढच्या ताटाकडे वळले.

पंचवीस ताटं! बोटं भाजली, नखांत राख गेली, अंगठी नाही. बरं, पाहुण्यांना माझी सेवा इतकी आवडली की दुसऱ्या वाढीला ते हात मागे घेऊन माझी वाट पाहू लागले. इहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमची पोरगी लय मायेच्या घरात पडून राह्यली!" मी हसले. (ते हसू फोटोत आहे. दाढ दुखत असल्यासारखं दिसतं.)

तरी मला आशा होती, कारण दहा रोडगे उरले होते. घमेल्यापाशी गेले तर घमेलं रिकामं! सासूबाईंनी ते पाहुण्यांना बांधून दिले होते आणि अकोल्याला मुक्कामाला निघालेल्या पाहुण्यांची गाडी सुरू झाली होती.

"थांबा!" मी ढेकळांतून चप्पल सोडून धावले. "ते रोडगे परत द्या!"

गाडी थांबली. इवाई हळूच खाली उतरले. "देलेलं परत मांगून राह्यल्या तुमी? आमी काय उपाशी आलो होतो का इथं?"

झालं! सोयरीक मोडली, प्रसाद बिनलग्नाचा राहिला आणि कारण काय, तर आईला कथा लिहायची होती! मला रडूच फुटलं. पण हात थांबेनात. रोडग्यांची पिशवी ओढली आणि गाडीच्या बॉनेटवर एकेक रोडगा फोडू लागले. आठ, नऊ, दहा. अंगठी नाहीच!

तेवढ्यात सासूबाई तुपाची किटली घेऊन डुलत आल्या. "काही नाही, इवाई," त्या चुऱ्यावर तूप ओतत म्हणाल्या. "निंगता निंगता पाहुन्याच्या गाडीवर रोडगे फोडाचे, अशी आमची जुनी रीत हाय. सून निंगून राह्यली मनून वरमाय रडते बी."

"असं व्हय!" इवाईंचा चेहरा उजळला. "मंग आधी सांगा ना!" त्यांनी बॉनेटवरचा तुपाळ चुरा दोन हातांनी पिशवीत भरला आणि गाडी गेली.

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत लाल खड्याची अंगठी, धुतलेली, लखलखीत!

"कनकेत टाकताना पाह्यलं मी तुले. तू पानी द्याले गेली, तवाच काढून घेतली."

"आई! मग सांगितलं का नाही? माझी बोटं पाहा!"

"तूच मनतं ना, निरीक्षन करा लागते? मनलं, पाहू हिले कधी दिसते. एक घंटा मी तुयाच समोर पदराले गाठ मारून बसली होती, माय."

साक्षगंध झालं, लग्नही झालं. चांदूर रेल्वेला आता त्यांच्याकडेही पाहुणे निघाले की गाडीवर रोडगे फोडतात म्हणे. मी मात्र हा सगळा प्रसंग, नावं बदलून, जसाच्या तसा लिहून संपादकांकडे पाठवला. आठवड्याने कथा परत आली. सोबत चिठ्ठी होती: "रहस्य छान, सासूचं पात्र तर अप्रतिम. फक्त लेखिकेचं पात्र बदला. इतकी बावळट बाई असू शकते, हे वाचकांना पटणार नाही."