क्रोशाच्या कव्हरातला सिलेंडर

सिलेंडरवर पांढऱ्या क्रोशाचं कव्हर होतं. त्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. शेजारी गॅसची शेगडी, धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्राखाली झाकलेली. आणि त्याच स्वयंपाकघरात, मे महिन्याच्या नागपुरात, कमलाबाई गजभिये कोळशाच्या सिगडीपुढे खोकत खोकत भाकरी भाजत होत्या.

"बाप्पा! घरात गॅस असून सिगडी काहून?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

कमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि बाहेरच्या खोलीकडे मान हलवली. "त्याईले विचारा."

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी एका गॅस एजन्सीत नोकरीला होते. हुद्दा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे नवं कनेक्शन मिळालं की त्या घरी जायचं, रेग्युलेटर बसवून दाखवायचा, आधी काडी मग नॉब हे बायकांकडून घोकून घ्यायचं. सक्करदऱ्यात पोरं मला 'गॅसवाली बाई' म्हणूनच ओळखत. पण त्या दिवशी मी डेमो द्यायला गेले नव्हते. कनेक्शन काढून आणायला गेले होते.

आमचे मालक वसंतराव सकाळीच तापले होते. "मॅडम, लोकं सालोसाल गॅसच्या रांगेत बसून राहिले, अन् हे घर रिफिलच घेत नाही!" रिफिल म्हणजे रिकामा सिलेंडर द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. "एक तं सिलेंडर विकला असन, नाही तं गाव सोडलं असन. जाऊन पाहा. नियम तं नियम. रिफिल नाही, तं कनेक्शन नाही."

विकलेला नव्हता. मी कव्हर काढलं, ओल्या फडक्यानं सिलेंडर पुसला. आत गॅस पातळ करून भरलेला असतो. तो जिथवर असतो तिथवर पत्रा गार राहतो आणि ओल उशिरा वाळते. इथे तर पार वरपर्यंत ओल टिकून होती. सिलेंडर जवळजवळ भरलेला!

गजभिये गुरुजी हायस्कुलात भूगोल शिकवायचे. अत्यंत सज्जन माणूस. खुर्ची देऊन, पाणी देऊन मग बोलले. "बाई, जगातला गॅस संपून राहिला. दहा वर्षांत खलास. पेपरात मोठमोठे लोकं लिहून राहिले. म्हून आम्ही जपून वापरतो. बुद्ध पौर्णिमेची खीर तेवढी गॅसवर. बाकी अडीअडचणीले ठेवला."

हसावं की रडावं कळेना. पण गुरुजींवर हसणं सोपं नव्हतं. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्लेला माणूस. रॉकेलच्या रांगा, साखरेच्या रांगा, डालड्याच्या रांगा, सगळीकडे पिशवी घेऊन उभा राहिलेला. त्यात तेलाचे भाव नुकतेच भडकलेले. संपणार म्हणून जे जे कोणी सांगितलं, ते ते त्यांच्या गल्लीतल्या दुकानातून खरंच संपलं होतं.

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं मी माझ्या परीनं सांगितलं. "गुरुजी, दहा वर्षं पुरन इतका साठा म्हणतात, तो जमिनीत भोकं पाडून मोजलेला साठा. संत्र्याचा व्यापारी कसा बगीच्यात येते, झाडावर दिसते तेवढीच फळं धरून भाव करते. म्हून काय विदर्भात तेवढीच संत्री हायेत?"

गुरुजी कच्चे नव्हते. "झाडाले पुढच्या साली बहार येते, बाई. जमिनीले येत नाही."

"हे खरं जी. पण सगळे बगीचे कुठं पाहून झाले?"

त्यांनी मांडीवरचा पेपर उघडला. पटलं नव्हतंच. मग मी नियम सांगितला. रिकामा सिलेंडर देऊन रिफिल घेतला नाही, तर कनेक्शन जाईल. सिलेंडर, रेग्युलेटर, सगळं.

स्वयंपाकघरातला भाकरीचा आवाज थांबला. कमलाबाई दारात आल्या. "जाईल म्हणजे? वं माय! डॉक्टर म्हणून राहिले, धूर सोडा नाही तं छाती जाईल. मी म्हणलं, थांबा, घरात गॅस हाये, आज ना उद्या पेटवू. आता थोही नेता?" त्या रडल्या नाहीत. नवऱ्याकडे पाहत राहिल्या. ते पाहणं मला सोसलं नाही.

"नेत नाही," मी म्हटलं. "पण सिलेंडर रिकामा करा. महिन्याच्या आत."

"भरलेला सिलेंडर? दोन माणसांचा सैपाक तो केवढा!" गुरुजी म्हणाले.

उपाय कमलाबाईंनीच काढला. मे महिना, वाळवणाचे दिवस. गल्लीतल्या घराघरांत कुरडयांसाठी गहू भिजत पडलेले. कुरडईचा चीक शिजवायचा म्हणजे चुलीपुढे घामाच्या धारा. कमलाबाईंनी दारात उभं राहून हाक दिली, "या वं बायाहो, माह्या गॅसवर शिजवा!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून पहाटे गंज, म्हणजे मोठाली पातेली, घेऊन बायकांची रीघ. दोन्ही बर्नर फुल. एकीचा चीक उतरला की दुसरीचा चढे. अंगणातल्या बाजांवर कुरडया, पापड, सांडगे. मी सायकलवरून चक्कर मारायचे ती नळी नीट आहे ना, खिडकी उघडी आहे ना, ते बघायला, आणि गरम चीक तेल-मीठ घालून वाटीभर खाऊन यायचे. कमलाबाई मधोमध पाटावर बसून नॉब फिरवायच्या. कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. नवी नवरीसुद्धा इतकी मिरवली नसेल.

गुरुजी उंबऱ्यावर बसून ती निळी ज्योत बघायचे. मयताला बसल्यासारखा चेहरा. "जळून राहिलं," एवढंच म्हणायचे.

आणि एका सकाळी शेजारणीचा चीक अर्धा शिजलेला असताना ज्योत लपलप करून विझली. मी लगेच रिकामा सिलेंडर जमा करून रिफिल लिहून घेतला. कनेक्शन वाचलं.

पण रिफिल यायला तयार नाही! आमचे सिलेंडर लांबून ट्रकनं येत, आणि नेमका त्याच आठवड्यात ट्रक आला नाही. पुढच्याही आठवड्यात नाही. कमलाबाई पुन्हा सिगडीपुढे बसल्या. खोकला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. गुरुजी मला टोमणाही मारेनात. फक्त शांतपणे म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो होतो का?" खरं सांगते, मला त्या घरासमोरून जायची लाज वाटू लागली. ज्यांनी अडीअडचणीसाठी जपला, त्यांचा मी जाळायला लावला आणि आता अडचण दारात उभी.

ट्रक आला तसा वसंतरावांच्या मागे लागून पहिला सिलेंडर मी सक्करदऱ्याला पाठवला आणि हातगाडीच्या मागोमाग स्वतः गेले. रेग्युलेटर बसवला. कमलाबाईंनी काडी लावली. ज्योत भक्कन पेटली तशा म्हणाल्या, "आता मी याले झाकत नाही, बाई." क्रोशाचं कव्हर त्यांनी रेडिओवर टाकलं.

पुढची बारा-चौदा वर्षं मी तीच नोकरी केली. मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं, त्याच्याबरोबर गॅस निघाला. सुरुवातीला तो आणायला पाईप पुरेनात, म्हणून बराचसा तिथंच जाळून टाकत. हे गुरुजींना सांगितलं तर खुर्चीतून उठलेच. "जाळून राहिले? अन् मी खिरीपुरता पेटवत होतो!" मग पाईप आले, कारखाने आले, त्यातून घरचा गॅस वेगळा काढू लागले, आणि आमच्या रांगा हळूहळू आखूड झाल्या. ज्यांना आम्ही हाकलत होतो त्यांना बोलावून कनेक्शन देऊ लागलो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दुसरा सिलेंडरही मिळू लागला. ते सांगायला मी गजभियांकडे गेले.

गुरुजी रिटायर झालेले, केस पांढरे. पेपर मात्र तसाच मांडीवर. "दुसरा सिलेंडर? मंग तं आणखीन लवकर संपन. पाहा तुम्ही, वीस वर्षांत खलास."

"मागं तुम्ही दहा म्हणले होते जी."

"तवा माहिती कमी होती."

मला भविष्य कळत नाही. गॅस कधीतरी संपेलही, जमिनीला बहार येत नाही हे गुरुजींचं म्हणणं मी आजही खोडू शकत नाही. पण इतक्या घरांत फिरून एक नक्की कळलं. झाकून ठेवल्यानं कोणाचा गॅस वाढलेला मी पाहिला नाही, आणि धुरात काढलेले दिवस कोणाला रिफिल करून मिळाले नाहीत.

त्या दिवशी गजभियांच्या अंगणात जुन्या सिगडीत माती भरून सदाफुली लावलेली दिसली. आतून काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मागोमाग कमलाबाईंचा, खोकल्याशिवायचा.

"वीस वर्षं हायेत नं अजून? मंग बसा वं बाई, चहा घेऊन जा."