सहावी बाटली

प्रयोगशाळेत सगळे तिला माशीमावशी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं फळमाश्या सांभाळणं म्हणजे काय खायचं काम आहे? घरी दूध उतू गेलं तरी चालेल, पण बाटलीतलं माश्यांचं खाणं वाळता कामा नये. नवरा म्हणायचा, यापेक्षा सवत परवडली.

त्यातल्या सहा बाटल्या म्हणजे तिचा जीव की प्राण. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी जुळवलेला तो वाण दुसरीकडे कुठेच नव्हता. त्या माश्यांच्या एका प्रथिनात खोट होती. मज्जातंतूच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. काही प्रथिनं त्या काठाला चिकटवून रिकाम्या करतात, आणि हे प्रथिन रिकामी पिशवी खुडून परत आत घेतं, पुन्हा भरायला. हवा तीस अंशांवर गेली की हे खोट असलेलं प्रथिन काम सोडतं. पिशव्या संपतात, स्नायूंना निरोप जात नाही, माशी आडवी. गार केली की मिनिटांत उभी.

त्या सकाळी जिन्यातच तिला उकाडा जाणवला. एसी बंद पडला होता. ती धावत आत गेली, तर नवी संशोधक मुलगी टेबलाशी उभी, पाच बाटल्या रिकाम्या आणि स्पिरिटच्या बरणीत माश्यांचा थर. मेल्या समजून तिने ओतून दिल्या होत्या. सहावी हातात होती.

"ठेव ती खाली," मावशी म्हणाली.

पडलेल्या माश्या ओल्या खाण्यात रुतू नयेत म्हणून तिने बाटली आडवी केली आणि गार फडक्यावर ठेवली. किती वेळ उकाड्यात होत्या, देव जाणे. फार वेळ गेला असेल तर खरोखरच मेलेल्या. मुलगी रडायला लागली. दोन ठेवून द्याव्यात असं मावशीच्या मनात आलं, पण नजर बाटलीवरून हलेना.

चार मिनिटं गेली, काही नाही. सहाव्या मिनिटाला एक पाय थरथरला. एक मादी उठली, मग आणखी दोन. पण नराशिवाय वाण कसला टिकतोय? शेवटी तोही उठला, सगळ्यांच्या मागून, आळोखेपिळोखे देत. नरच तो, मावशी पुटपुटली, मटकन स्टुलावर बसली आणि तिलाच रडू कोसळलं.

मुलगी म्हणाली, मॅडम मला काढून टाकतील.

"पहिल्या वर्षी मीही एक अख्खा वाण असाच ओतला होता," मावशी म्हणाली. "मॅडमना अजून वाटतं, तो बुरशीने गेला."

जिन्यात मॅडमची पावलं वाजली. मावशीने डोळे पुसले.

"चल. आधी मी सांगते, मग तू सांग."