दसऱ्याला थांबलेला बुलडोझर

दसऱ्याच्या सकाळी आखातातल्या रास अल खैमातली गाफच्या झाडांची राई पाडायची होती. वडील त्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होते. आई आणि मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. शहर चहूकडून वाढत आलं तरी ती जुनी राई मध्येच टिकली होती. एकेकाळी तिच्या सावलीत उंटांचे तांडे उतरत. तिथले एक अरब आजोबा वडिलांना विनवत होते, "हबीबी, एक दिन दो. मैं बलदिया में बात करेगा." वडील म्हणाले, "मेरी नौकरी जाएगी, बाबा." तेवढ्यात आईने एक डहाळी हातात घेतली. "अहो, ही तर आपली शमी! आज हिची पूजा करायची की हिला पाडायचं?" चिपळूणच्या ड्रायव्हरने बुलडोझरला नुकतंच हळदकुंकू वाहिलं होतं. तोही म्हणाला, "साहेब, पुजलेलं मशीन आज चालवायचं नसतं. बापाने सांगितलं तरी नाय." वडिलांनी ड्रायव्हरकडून बुलडोझरची किल्ली घेतली. मग म्हणाले, "खलास. आज काम बंद." त्या एका दिवसात आजोबा वस्तीतल्या जाणत्यांना घेऊन बलदियात, म्हणजे नगरपालिकेत गेले आणि रस्ता वळवण्याचं ठरलं. वडिलांची नोकरी गेली, आम्ही अबुधाबीला आलो. गेल्या महिन्यात वडील वारले. राई अजून उभी आहे. रस्ता तिला वळसा घालून जातो.